लख्ख घासलेला सोऱ्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. पण तुम्ही मला चकलीबद्दल काही विचारू नका. तो विषय आमच्या घरात निघाला की हेरंब पंख्याकडे बघतो. मी कुठे बघावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म भुलेश्वरच्या एका गल्लीत, भांडी ठोकणाऱ्यांच्या गोंगाटात झाला. जाड पितळेचा नळा, खाली चकती बसवायची खाच, वर आटे पाडलेला दांडा आणि त्याला आडवी मूठ. मूठ फिरवली की दांडा खाली उतरतो आणि चकतीच्या भोकातून पीठ बाहेर येतं. एवढंच माझं तंत्रज्ञान. ते इतकं साधं आहे की माझ्याबरोबर कुणी माहितीपुस्तिका दिली नाही, आणि ती हरवल्याची तक्रारही कधी कुणी केली नाही.

सुभद्राबाईंच्या रुखवतातून मी ठाकूरद्वारच्या या चाळीत आलो. रुखवतात माझ्या शेजारी भरतकाम केलेला एक पोपट होता. पहिल्याच वर्षी त्याचा उशीचा अभ्रा झाला. मी मात्र कामाला लागलो. चाळीत दुसरा सोऱ्या नव्हता असं नाही, पण माझी चकली तुटत नाही आणि तिला काटा चांगला येतो, अशी माझी ख्याती झाली. मूठ फिरवताना हाताला घट्टे पडतात असंही लोक म्हणत, पण ते माझ्या पाठीमागे.

दिवाळीच्या आधी मी घरोघर जायचो. आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या कालिंदीकाकूंकडे, परवा जिन्याजवळच्या राधाबाईंकडे. मला कुणी रिकामा परत पाठवत नसे. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे आमच्याकडे शाळेत शिकवत नाहीत, तरी सगळ्यांना येतं. माझ्या नळ्यात त्या घरच्या दोन-तीन चकल्या असत, वर कागदाचा बोळा. सुभद्राबाई त्या डब्यात ठेवून देत. चाखत मात्र नसत. नरकचतुर्दशीची पहिली अंघोळ होऊन देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा नेम, आणि त्यांच्या धाकाने बहुतेक चाळीचाही. त्यांचा मुलगा हेरंब लहानपणी एकदा शंकरपाळा चोरताना सापडला होता. तेव्हा त्याला जे ऐकावं लागलं ते पाहता, मोठेपणी चोरी करायला त्याने पुन्हा स्वयंपाकघरच निवडावं, याचं मला नवल वाटतं.

हेरंब मोठा झाला आणि टीव्ही, टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. लोक वस्तू दुरुस्त करत होते तोवर नोकरी टिकली. पुढे लोक वस्तू दुरुस्त करण्याऐवजी बदलू लागले, आणि कंपनीनेही हेरंबच्या बाबतीत तेच धोरण ठेवलं. तेव्हापासून तो खिडकीखालच्या टेबलावर घरीच काम करतो. विजेच्या पणत्या आणि दिव्यांच्या माळा बनवणाऱ्या एका व्यापाऱ्याला लागणारी छोटी सर्किटं तो भरून देतो. हिरव्या पट्टीवर राजगिऱ्याएवढे भाग चिकटवायचे असतात. त्यासाठी आधी प्रत्येक जागी सोल्डर पेस्टचा ठिपका द्यावा लागतो. कथिल आणि शिसं यांची बारीक पूड चिकट लगद्यात कालवली की ही पेस्ट होते. ठिपक्यावर भाग ठेवायचा आणि खालून तापवायचं. पूड वितळते आणि भाग जागेवर पक्का बसतो.

या कामाची यंत्रं बाजारात मिळतात, पण ती हेरंबच्या आवाक्याबाहेरची. म्हणून त्याने घरातच यंत्रं शोधायला सुरुवात केली. एके दिवशी त्याची बायको अनुजा इस्त्री शोधत होती. ती टेबलावर दोन विटांच्या मध्ये उताणी सापडली. पोटावर सर्किटं घेऊन ती तापत होती.

"हेरंब, उद्या मला ऑफिसला साडी नेसून जायचंय."

"नेस ना."

"कशी फिरवू इस्त्री? ती उताणी पडलीय, मी काय साडी वरून फिरवू?"

हेरंबने तिला नवी इस्त्री आणून दिली. मग माशांच्या टाकीचा पंप आला. मासे कधीच गेले होते, पंप उरला होता. त्याला हवा उलटी ओढायला लावून, सलाईनची नळी जोडून, हेरंबने बारीक भाग उचलायचं पेन केलं. नळीच्या भोकावर बोट ठेवलं की भाग चिकटतो, बोट उचललं की जागेवर पडतो. माणूस हुशार आहे, हे मी मान्य करतो. हुशार नसता तर हे सगळं घडलंच नसतं.

अडत होतं ते ठिपक्यांपाशी. हेरंब टाचणीने ठिपके देई. एक जाड, एक बारीक, तिसरा शेजाऱ्याला जाऊन चिकटलेला. दोन ठिपके एकमेकांत मिसळले की पणती पेटत नाही. व्यापारी माल परत पाठवू लागला. एकदा मे महिन्यात जुन्या टेबलफॅनचं पातं शोधायला हेरंब माळ्यावर चढला आणि त्याला मी दिसलो. त्याने माझी मूठ थोडी फिरवली, दांडा केसभर खाली गेला. पुन्हा फिरवली, पुन्हा केसभर. तिथेच माळ्यावर मांडी घालून तो हसायला लागला.

माझ्या नळ्यात त्याने पेस्ट भरलेली सिरिंज बसवली. तिचं टोक चकतीच्या भोकातून बाहेर काढलं आणि माझा दांडा तिच्या दट्ट्यावर टेकवला. मूठ जरा फिरवली की एक ठिपका. सगळे सारखे, सगळे जागच्या जागी. मला सांगायला संकोच वाटतो, पण मित्रांनो, मी खूश होतो. वर्षातून आठवडाभर काम आणि बाकीचे दिवस माळ्यावर जुन्या परकरात गुंडाळलेला, अशा आयुष्यात मला अचानक रोजची नोकरी लागली होती.

"आईंना विचारलंस का?" अनुजाने मला टेबलावर पाहिलं आणि पहिलं हेच विचारलं.

"विचारतो गं. ह्या पसाऱ्यात तिला तो दिसायचाही नाही, आणि दिवाळीला वेळ आहे अजून."

"हेरंब, तो सोऱ्या आहे."

"सिरिंज आत आहे ना. सोऱ्याला कुठे काय लागतंय?"

हे जून संपेपर्यंत खरं होतं. पेस्ट फ्रीजमध्ये ठेवावी लागते, आणि वापरायच्या आधी बाहेर काढून सैल होऊ द्यावी लागते. त्या दिवशी माल द्यायची घाई होती. हेरंबने थंडगार सिरिंज तशीच माझ्यात घातली आणि मूठ फिरवली. पेस्ट हलेना. त्याने जोर लावला. सिरिंज पोटातल्या पोटात फुटली आणि करडा लगदा माझ्या नळ्याला, चकतीला आणि आट्याआट्यांत जाऊन बसला.

हेरंबने मला थिनरने पुसलं, दात घासायच्या जुन्या ब्रशने आटे खरवडले. मग मला खिडकीशी धरून बराच वेळ आत बघत बसला. मी आता स्वयंपाकघराचा राहिलो नाही, हे मला कळलं. हेरंबलाही कळलं. तिसऱ्या कुणाला कळलं नाही. "नवा आणून ठेवू," तो अनुजाला एवढंच म्हणाला, आणि दुसरी सिरिंज बसवून कामाला लागला.

दसरा झाला तशी सुभद्राबाईंनी डबे उन्हात टाकले.

"हेरंब, माळ्यावरचा सोऱ्या काढून ठेव रे. माझा हात पोचत नाही."

इथे एक वाक्य पुरलं असतं. 'आई, तो मी वापरायला घेतलाय, तुला दुसरा आणतो.' फार तर शंकरपाळ्याच्या वेळी ऐकलं तेवढं पुन्हा ऐकावं लागलं असतं. पण केस पिकायला लागलेला माणूस आईसमोर उभा राहिला की त्याचं वय कुठे जातं कोण जाणे. हेरंब म्हणाला, "हो."

मग त्याने मला मोरीत नेलं. साबण, चिंच, पितळेची पावडर, तारेची घासणी. मी असा चमकलो की सुभद्राबाईंच्या लग्नातही इतका चमकलो नव्हतो. त्याने मला स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं. बेत असा होता की शनिवारी भुलेश्वरला जायचं, असाच दुसरा सोऱ्या आणायचा आणि माझ्या जागी ठेवून मला गुपचूप टेबलावर न्यायचं. शनिवारी व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली. पुढच्या शनिवारी ती पुरी व्हायची होती, तीही माझ्याशिवाय, पुन्हा टाचणीने. सुभद्राबाई लाडवांनी सुरुवात करतात, चकलीला शेवटी हात घालतात, या हिशोबावर हेरंब निर्धास्त राहिला. निर्धास्त म्हणजे, रोज सकाळी चहा घेताना फळीकडे बघायचा आणि चहा अर्धा ठेवून उठायचा.

धनत्रयोदशीला दुपारी तो अखेर निघाला. आधी लॅमिंग्टन रोडला सुटे भाग, मग भुलेश्वरला सोऱ्या. तो जिना उतरतो न उतरतो तोच कालिंदीकाकू दारात.

"सुभद्राबाई, सोऱ्या देता का हो? यंदा पहिली मी. माझी ताटं आजच जाऊ देत सगळ्यांकडे."

"घे की. आणि बघ तरी कसा लख्ख केलाय! आमच्या हेरंबने घासला, मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं."

"नशीब काढलंत. आमच्या ह्यांना चहाचा कप धुवायला सांगितला तर कानच हातात घेऊन येतात."

"लहानपणापासून तसाच आहे तो. मनात असतं, बोलून दाखवत नाही."

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं.

कालिंदीकाकूंनी भाजणी मळली. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मी एकच करू शकत होतो, ते केलं: आटे आवळून धरले. काकू म्हणाल्या, "जुना झाला मेला," आणि त्यांनी माझ्या दांड्याला तेल लावलं. मग मी काय करणार? दुपारभर चकल्या पाडल्या. काटेरी, गोल, एकही न तुटलेली. आयुष्यात इतक्या चांगल्या चकल्या मी पाडल्या नव्हत्या आणि त्यातली प्रत्येक मला खुपत होती. पहिली चकली काकूंनी मोडून तोंडात टाकली. करणारीने मीठ बघायचं असतं, ते देव धरत नाही, असं त्यांचं मत.

हेरंब दिवेलागणीला परतला. खांद्यावरच्या पिशवीत नवाकोरा सोऱ्या होता. स्वयंपाकघरात येऊन त्याने फळीवर हात घातला, मला उचललं, आणि माझ्या नळ्यातला कागदाचा बोळा त्याच्या बोटाला लागला. खाली तीन चकल्या होत्या.

"हे काय?"

"काकूंनी परत दिला मघाशी," अनुजा रांगोळीचे डबे काढत म्हणाली. "रिकामा कसा देतील?"

"त्यांनी चकल्या केल्या? ह्यात?"

"मग कशात करतील? ताटंसुद्धा गेली घरोघर." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हेरंब. तू नवा आणून ठेवला होतास ना? मला वाटलं, हा तोच नवा."

त्याने पिशवी जमिनीवर ठेवली. पितळेचा आवाज झाला आणि अनुजाला उत्तर मिळालं.

हेरंब मला हातात घेऊन गॅलरीत आला. कालिंदीकाकू आणि त्यांचे यजमान गंगाधरकाका आकाशकंदिलाची दोरी बांधत होते. खरं बोलायला तो बाहेर आला होता याबद्दल मला शंका नाही. पण खरं बोलायच्या आधी माणूस आणखी एकदा इकडेतिकडे बघून घेतो.

"काकू, त्या चकल्या... जरा वास येतोय हो त्यांना. परत घेतल्या तर बरं."

काकूंच्या हातून दोरी सुटली. "कसला वास?"

"म्हणजे भाजणी... जुनी असेल."

"परवा दळून आणलीय! अहो, ऐकलंत का? माझ्या भाजणीला वास येतो म्हणे!"

"हेरंब, तू इलेक्ट्रॉनिक्सचं बघ," गंगाधरकाका म्हणाले. "भाजणीत पडू नकोस. लग्न झाल्यापासून मीसुद्धा पडलो नाही."

"काकू, तसं नाही, पण कुणी खाऊ नयेत असं मला..."

"खाऊ नयेत? कडक झाल्या असतील तर तसं तोंडावर सांग! चाळभर ताटं पाठवलीत मी. परत मागू? वर्षाचा सण माझा!"

दारं उघडली. राधाबाई पदराला हात पुसत आल्या. सुभद्राबाई देवघरातून बाहेर आल्या आणि सगळा प्रकार ऐकून त्यांचा चेहरा उतरला. आपला मुलगा सणाच्या दिवशी शेजारणीच्या अन्नाला नावं ठेवतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हेरंबच्या हातातल्या माझ्या नळ्यातून एक चकली काढली.

"कालिंदी, त्याला बोलायचं कळत नाही. मनावर घेऊ नकोस. मी खाऊन सांगते तुला."

"आई, अंघोळ व्हायचीय अजून!" अनुजा दारातून ओरडली.

"देव समजून घेईल. शेजारी दुखावले तर ते नाही समजून घेत." आणि त्यांनी चकली तोंडाशी नेली.

हेरंबने त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण बांगड्या वाजल्या.

"आई, नको. त्यात शिसं असेल."

"काय?"

"ह्या सोऱ्यात मी सोल्डर पेस्ट भरत होतो. मे महिन्यापासून. जूनमध्ये आत फुटली, आट्यांत गेली. काकूंची भाजणी चांगली आहे. मला माहीत होतं सगळं."

आकाशकंदील वाऱ्याने नुसताच फिरत होता. सुभद्राबाईंनी चकली खाली घेतली.

"माहीत होतं, तर घासून फळीवर का ठेवलास?"

"तुला कळू नये म्हणून."

"मी कालिंदीला कौतुकाने सांगितलं रे," त्या म्हणाल्या. "आमच्या हेरंबने घासला म्हणून."

यापेक्षा त्यांनी मला उचलून त्याच्या डोक्यात घातलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं. मला आणि त्याला.

मग त्यांनी त्याला घरोघर पाठवलं. अनुजा बरोबर निघाली तर म्हणाल्या, "तो एकटा जाईल." हेरंबने प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलं आणि प्रत्येक ताटातल्या चकल्या परत घेतल्या. सुभद्राबाईंच्या नेमाने त्या दिवशी चाळ वाचवली; बहुतेक ताटं झाकलेलीच होती. फक्त राधाबाईंच्या ताटात चकल्या कमी भरल्या.

"मी दोन खाल्ल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "सुनेला सांगू नकोस. मला साखरेमुळे तळलेलं बंद आहे."

"राधामावशी, डॉक्टरकडे जावं लागेल."

"म्हणजे सांगावंच लागेल?"

"हो," हेरंब म्हणाला. "मीही आत्ताच सांगून आलोय."

त्याच संध्याकाळी तो कालिंदीकाकूंना आणि राधाबाईंना घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेला. एवढ्याशाने काही होत नाही, पण रक्त तपासून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले. नंतर तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी हेरंबला मात्र थांबवून घेतलं आणि विचारलं, पेस्टला हात लावल्यावर हात धुता का, ती फ्रीजमध्ये कशाशेजारी ठेवता? हेरंबने सांगितलं, लोण्याशेजारी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता पेस्टला स्वतंत्र छोटा फ्रीज आहे, आणि टेबलाशी एक साबण.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी चाळीत चकली नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी हेरंबने नव्या सोऱ्याने स्वतः चकल्या पाडल्या, सगळ्या घरांसाठी. त्या तुटल्या. काही इतक्या तुटल्या की त्यांना शेव म्हणणं जास्त प्रामाणिक झालं असतं. कालिंदीकाकूंनी ताट घेतलं, एक तुकडा उचलून उजेडात धरला, म्हणाल्या, "मोहन जास्त पडलं," आणि खाल्ला. त्यांचा गुडघा दुखला किंवा दूध उतू गेलं तरी त्या अजून म्हणतात, "त्या शिशानंतर हे सुरू झालं." हेरंब मान खाली घालून ऐकतो आणि त्यांचा गॅसचा सिलिंडर आत ठेवून देतो.

मी टेबलावर असतो. अनुजाने माझ्या गळ्याभोवती नेलपॉलिशचा लाल पट्टा ओढलाय, तसाच उताण्या इस्त्रीलाही. पट्टा म्हणजे खाण्याच्या वस्तूला शिवायचं नाही. मी रोज सारखे ठिपके देतो, पणत्या पेटतात, व्यापारी खूश आहे. सुभद्राबाई टेबलाजवळून जाताना माझ्याकडे बघत नाहीत. मी त्यांच्या माहेरहून आलेला, म्हणून ते मला जास्त लागतं. सहा महिने मीही गप्प होतो. मला तोंड नव्हतं, एवढीच माझी सबब. हेरंबला ते होतं.

परवा हेरंब स्वयंपाकघरात गेला. पुरणयंत्राच्या मुठीवर त्याचा डोळा होता, सोल्डरची तार गुंडाळायला. त्याने हात पुढे केला, मागे घेतला आणि हाक मारली.

"आई, पुरणयंत्र घेऊ का?"

"कशाला?"

त्याने सांगितलं. तार कशी असते, रीळ कसं फिरतं, मूठ काढून पुन्हा कशी बसवता येते, त्यात शिसं आहे, त्यामुळे एकदा नेलं की परत आणता यायचं नाही, सगळं सांगितलं. सुभद्राबाईंनी गवार निवडायची थांबवून नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "नाही."

"बरं," हेरंब म्हणाला, आणि इतका हलका होऊन टेबलाशी आला की त्याने मला विनाकारण एक वेढा जास्त दिला. तो ठिपका फुकट गेला.

मित्रांनो, घरातल्या वस्तूला दुसरं काम द्यायला हरकत नाही. आम्हालाही बदल आवडतो. मात्र आधी विचारा. आणि न विचारता नेलीच असेल, तर तिला धुऊनपुसून गुपचूप पुन्हा जागेवर ठेवू नका. नेल्याबद्दल माणसं चार शब्द बोलतात आणि विसरतात. ठेवलेल्या वस्तूवर मात्र ती विश्वास ठेवतात.